जड चाक

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला रस्त्यात भेटणारे लोक ठरावीक प्रश्न विचारतात. लिटरला किती जाते? सुटे भाग मिळतात का? आणि तिसरा प्रश्न, जो विचारताना माणूस आवाज थोडा खाली आणतो : काढायची आहे का? आमच्या गाडीभोवती जमणाऱ्या मंडळींकडून हे तीन प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांची उत्तरे छापून काचेला चिकटवावीत असे कधी कधी मनात येते. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. "स्टिअरिंग जड नाही का हो?" असे विचारणारा माणूस मी लगेच ओळखतो. तो नुसता बघ्या नसतो. त्याने कधीतरी अशी गाडी स्वतः हाकलेली असते आणि एखाद्या अरुंद बोळात ती वळवताना त्याचे खांदे भरून आलेले असतात.

आमची गाडी म्हणजे १९६८ सालची मार्क टू अँबॅसडर. आजोबा साताऱ्यात डॉक्टर होते. रोगी पाहायला आसपासच्या खेड्यांत जावे लागे, म्हणून त्यांनी ती घेतली. नमुना मूळचा विलायती, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचा. १९५७ पासून ती कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला अँबॅसडर या नावाने तयार होऊ लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. मधल्या सत्तावन्न वर्षांत मंत्र्यांपासून भाड्याच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना तिने पोटात घेतले. आमच्या घरातली दोन लग्ने, एक बाळंतपण आणि आजोबांचे शेवटचे इस्पितळात जाणे, सगळे तिच्यातूनच झाले. अशा गाडीबद्दल माणूस तटस्थपणे लिहू शकत नाही, हे वाचकांनी आधीच समजून घेतलेले बरे.

चाकाचे जडपण हा काही तिचा दोष नव्हे. त्या काळच्या बहुतेक मोठ्या गाड्यांचा तो स्वभावच होता. गाडीचे वजन टनाहून अधिक, त्यातला सुमारे निम्मा भार पुढच्या दोन चाकांवर. उभ्या गाडीचे टायर जमिनीला तळहाताएवढ्या दोन ठिकाणी टेकलेले असतात. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा हे दोन तळहात, वरच्या ओझ्यासकट, डांबरावर जागच्या जागी पिरगळायचे असतात. गाडी चालू लागली की टायर लोळत लोळत वळतो, घासणे कमी होते आणि चाक एकाएकी हलके लागते. म्हणून तर जुन्या गाड्यांची स्टिअरिंगे परातीएवढी असत. माझी आत्या शाळेत गणित शिकवीत असे. ती म्हणायची, "उसाच्या चरकाची दांडी एवढी लांब का ठेवतात? बैलाला सोपं जावं म्हणून ना? मग इथं आपण बैल."

ही गाडी खरी आत्याची. कागदोपत्री ती आधी आजोबांच्या आणि मग माझ्या वडिलांच्या नावावर होती. पण तिला हाताची सवय आत्याच्या. १९७२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती ही गाडी शिकली. पेठेतून गाडी निघाली की दुकानदार काटा तसाच सोडून फळीवर येऊन उभे राहत. बाई मोटार हाकते याचे नवल होतेच. पण एवढे मोठे चाक ही काटकुळी मुलगी फिरवते कशी, याचे अधिक. त्याचे रहस्य तिने मला पुढे मी शिकत होतो तेव्हा सांगितले : "उभ्या गाडीत चाकाशी झोंबायचं नाही. गाडी वीतभर सरकू दे, मग फिरव." आजतागायत मोटार हाकण्याबद्दल याहून शहाणे वाक्य मी ऐकलेले नाही. आणि वर्गात पहिल्या बाकावरच्या अबोल मुलाला बोलते करतानाही मी तेच वाक्य मनाशी घोळवतो.

दोन वर्षांपूर्वी आत्याचा उजवा खांदा धरला. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. व्यायाम झाले, शेक झाले, इंजेक्शने झाली. हात वेणी घालण्यापुरता वर जाऊ लागला. पण गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवायची तर वीतभर सरकायलाही तिथे जागा नसते. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना ती त्या वळणावर अर्धी वळून थांबली. मागे रिक्षांचे भोंगे वाजू लागले. शेवटी समोरच्या दुकानातला मुलगा येऊन खिडकीतून हात घालून चाक ओढू लागला, तेव्हा ती घरी पोचली. त्या दिवशी तिने किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला लावली आणि त्यानंतर तिकडे पाहिलेही नाही. ती काही बोलली असती तर सोपे होते. ती बोलली नाही. मंडईत रिक्षाने जाऊ लागली, एवढेच.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पुण्याहून फोनवर दोन दिवसांत तोड सुचवली. गाडीला पन्नासांवर वर्षे झाली आहेत. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करू, पुण्यात माझ्याकडे ठेवू, प्रदर्शनात नेऊ. त्याचा हेतू चांगलाच होता. पण आत्याच्या दाराशी छपन्न वर्षे उभी असलेली गाडी प्रदर्शनात दोरखंडामागे उभी राहणार आणि आत्या तिकीट काढून ती पाहायला जाणार, हे चित्र काही केल्या माझ्या गळी उतरेना. मी म्हटले, तिला पॉवर स्टिअरिंग बसवता येते का ते पाहू. फोनवर क्षणभर शांतता पसरली. एखाद्याने हेमाडपंती देवळाला सरकता जिना बसवण्याची सूचना करावी आणि विश्वस्तांनी ती ऐकून घ्यावी, तशी ती शांतता होती.

आम्हा मराठीच्या मास्तरांची एक खोड असते. कोणताही शब्द हाती आला की त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. तसा मी पॉवर स्टिअरिंगचा इतिहास पाहू लागलो, आणि ती गोष्ट मोठी मनोरंजक निघाली.

अमेरिकेत पिअर्स-अॅरो नावाची मोटार कंपनी होती. तिच्या मालट्रकांच्या विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर काम करी. अवजड गाड्या वळवताना ड्रायव्हरांची काय दैना होते ते त्याने पाहिले होते. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी आपले काम मांडले आणि तेलाच्या दाबाने चाकाला हातभार लावणारी यंत्रणा तयार करून एका जुन्या पिअर्स-अॅरोवर बसवली. १९२६ साली तो ती गाडी घेऊन डेट्रॉइटला गेला. जनरल मोटर्सच्या लोकांनी ती चालवून पाहिली, त्यांना ती आवडली, करार झाला. मग मंदी आली. एवढा खर्च परवडणार नाही म्हणून १९३४ साली करार गुंडाळण्यात आला. पुढे महायुद्धात चिलखती गाड्यांना या मदतीची गरज भासली. आणि शेवटी १९५१ साली क्रायस्लरने आपल्या इंपीरियल गाडीवर पॉवर स्टिअरिंग विकायला काढले, तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. जनरल मोटर्सला मग जाग आली आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅकवर ते दिसू लागले. चालती गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर ती दुकानात पोचायला पंचवीस वर्षे लागली!

म्हणजे आमची अँबॅसडर जन्मली तेव्हा जगात ही सोय होतीच. पण ती मोठ्या, महागड्या गाड्यांसाठी. मध्यम संसारी गाडी हाकणाऱ्याला दोन दंड असतात असे गृहीत धरलेले होते, आणि ते दंड कोणाचे, कोणत्या वयाचे, हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नव्हते.

ही यंत्रणा चालते कशी? इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो. आपण चाक फिरवू लागलो की स्टिअरिंगच्या दांड्यातली एक बारीक सळई किंचित पिळवटते, त्यासरशी झडप उघडते आणि ज्या बाजूला वळायचे त्या बाजूने तेल ढकलू लागते. पिळवटणे थांबले की तेलही थांबते. यंत्र आपण होऊन काही करीत नाही. हात जे मागतो तेवढेच पुरे करते. भरवशाच्या दृष्टीने हे जुने आणि कसाला उतरलेले काम आहे. त्याचे आजारही ठाऊक असलेले. पट्टा सैल झाला की तो किंचाळतो. ऑइल सील सुकले की गाडीखाली तेलाचा ठिपका दिसतो. रबरी नळ्या वर्षानुवर्षे उष्णतेत राहून कडक होतात. चाक शेवटपर्यंत फिरवून तिथेच दाबून धरले तर पंप कण्हू लागतो, कारण दाबलेल्या तेलाला जायला वाट नसते. आणि इंजिन बंद पडले किंवा पट्टा तुटला तर हे चाक साध्या चाकापेक्षाही जड होते. कारण पंपाच्या भरवशावर आतले दाते कमी फेऱ्यांचे, म्हणजे अधिक जोर मागणारे ठेवलेले असतात आणि हाताला तेलही ढकलावे लागते.

यंत्रणेचा भरवसा कधी कधी भलत्याच ठिकाणी अडतो, याचे सुंदर उदाहरण फ्रान्समधले आहे. सित्रोएनची डीएस ही गाडी १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि पहिल्याच दिवशी तिला बारा हजारांच्या घरात मागण्या आल्या. तिच्यात स्टिअरिंग, ब्रेक आणि स्प्रिंगांचे काम, सगळे एकाच दाबाखालच्या द्रवावर चाले. कल्पना अलौकिक होती. पण सुरुवातीचा द्रव हवेतला ओलावा शोषून घेई, आणि मग नळ्यांना आणि झडपांना आतून गंज चढे. लोक कल्पनेला नावे ठेवू लागले. १९६६-६७ च्या सुमारास कंपनीने ओलावा न शोषणारे हिरवे खनिज तेल वापरायला सुरुवात केली आणि तीच गाडी पुष्कळच विश्वासू झाली. आजही डीएस बाळगणारे लोक कोणत्या गाडीत तांबडा द्रव आणि कोणत्या गाडीत हिरवा, याबद्दल सोवळ्याओवळ्यासारखे काटेकोर असतात. एकातले दुसऱ्यात पडले तर सील सगळी निकामी होतात.

याच घराण्यातली १९७० सालची एसएम ही तर मदतीची परमावधी. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनच फेऱ्यांत जाई. गाडी उभी असतानाही हात सोडला की ते आपले आपण सरळ होई. वेग वाढेल तशी मदत कमी होई, म्हणून भर वेगात चाक डळमळत नसे. मात्र रस्त्याची चाहूल त्या चाकातून हाताला जवळपास लागतच नसे. कोणी म्हणत, केवढे हे सुख! कोणी म्हणत, हे म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी खाणे! मला दोन्ही पक्ष पटतात. जड चाक तुम्हाला सारखे काहीतरी सांगत असते. इथे खडी आहे, इथे ओल आहे, उजव्या टायरमध्ये हवा कमी आहे. आत्या डोळे मिटून सांगे, "पोवई नाका आला." ते ती हातांनी वाचीत असे.

पण आमच्या मिस्त्रींनी माझ्या या सगळ्या व्यासंगाला एका वाक्यात जागेवर आणले. म्हणाले, "सर, मोटर बसवायची ती मागनं बघू. आधी सांधं तर बघू द्या." त्यांचे म्हणणे असे की जुन्या गाडीचे सगळे जडपण जन्मजात नसते, त्यातले निम्मे आपण तिला आणलेले असते. त्यांनी गाडी वर घेतली. पुढच्या चाकांच्या सांध्यांतले जुने ग्रीस वाळून लाखेसारखे झाले होते. ते काढून ताजे भरले. रॅकचे फाटलेले रबर बदलले. अलाइनमेंट केले. टायर मागे कधीतरी हौसेने रुंद रेडियल घातलेले होते. ते काढून मूळ मापाचे, अरुंद घातले आणि हवा नेमकी भरली. आठ दिवसांत एवढा फरक पडला की मला वाटले, झाले काम. जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावे, असे मी आता सगळ्यांना सांगतो. पुष्कळांचे तेवढ्यात भागेल. आत्याने गाडी अंगणात फिरवून पाहिली. वळताना तिने ओठ दातांखाली धरला. तेवढ्यावरून आम्ही समजलो.

मग खरा विचार सुरू झाला. पर्याय तीन होते. पहिला, पंप आणि तेलाचा. त्यासाठी इंजिनाला पंप जोडायचा, पट्ट्याची नवी पुली बसवायची, आणि अख्खा रॅकच दुसऱ्या गाडीचा घालायचा. म्हणजे गाडीचे पोट फाडायचे. दुसरा, पंप इंजिनावर न ठेवता विजेवर चालवायचा. पट्टा वाचतो, पण तेल, नळ्या आणि सील तशीच राहतात, आणि रॅकही बदलावाच लागतो. तिसरा, स्टिअरिंगच्या दांड्यावरच विजेची मोटर बसवायची. यात तेल नाही, नळी नाही, रॅकला हात लावावा लागत नाही. दांड्यातल्या सळईचे पिळवटणे एक संवेदक मोजतो, आणि तेवढ्या प्रमाणात मोटर हात देते. १९८८ साली जपानात सुझुकीने आपल्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीवर ही युक्ती आणली. आता तीच आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत सर्रास असते, आणि म्हणून भंगार बाजारात तिचे नगही मिळतात.

भंगाराच्या नावाने मिस्त्रींनी हात जोडले. एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या जुन्या जीपला असाच एक नग बसवून घेतला होता. दांडा लांबीला पुरेना, म्हणून कोणीतरी तो वेल्डिंग करून जोडला. "स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग!" मिस्त्री म्हणाले, "गळ्यातल्या मंगळसूत्राला सुतळी बांधल्यागत झालं ते." जोड द्यायचाच तर खाचांचा युनिव्हर्सल जॉइंट आणि आरपार बोल्ट, ही त्यांची अट. दुसरी अडचण अशी की पुष्कळसे नग आपल्या मूळ गाडीच्या संगणकाकडून वेगाची खबर मागतात. ती मिळाली नाही तर काही ठरावीक बेताने काम करतात आणि काही संपावर जातात. तिसरी अडचण विजेची. जागच्या जागी चाक फिरवताना ही मोटर तीस-चाळीस अँपिअर, प्रसंगी अधिकही, ओढते. जुन्या डायनमोची मजल पूर्ण वेगातही वीस-बावीस अँपिअरची, आणि इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ झोपलेलाच असतो. म्हणजे नेमकी जिथे मदत हवी त्या गल्लीच्या तोंडाशी बॅटरी कोरडी पडायची! तेव्हा डायनमो काढून अल्टरनेटर घालणे आलेच. शिवाय आमच्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच बिलगून खाली उतरतो. मोटर बसवायची तर त्याला धक्का न लावता.

दादा सुट्टीत आला आणि ओटीवर परिषद भरली. त्याने नियमाचा कागदच आणला होता. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासांवर वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. "मूळ रूपात," दादाने बोट ठेवून वाचले. मी अध्यापकी बाण्याने पुढचे वाक्य वाचून दाखवले. मोठे फेरफार नसावेत असे म्हणताना नियमाने नावे घेतली आहेत ती चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची. स्टिअरिंगचे नाव त्यात नाही. दादा म्हणाला, "नाव नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ तू परीक्षेच्या पेपरात तरी मान्य करशील का?" करणार नाही, हे खरेच होते. शिवाय त्याच नियमांत असेही आहे की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठीच रस्त्यावर आणावी; रोजच्या वापराला नाही. आत्या इतका वेळ शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "म्हणजे मंडईत नेता येणार नाही. मग मला काय उपयोग तिचा?" व्हिंटेजचा प्रश्न तिथे निकालात निघाला.

उरला दुसरा कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२. वाहनाच्या मूळ बांधणीशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकच स्पष्ट केले. म्हणून आम्ही आधी परिवहन कार्यालयात जाऊन काय करायचे आहे ते कागदावर मांडले, विमा कंपनीला कळवले, आणि होकार हाती आल्यावरच कामाला हात घातला. हा मार्ग लांबचा आहे; पण गाडी कोणाच्या अंगावर गेली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला जवळची वाट नाही.

तरी दादाच्या मनातला सल गेला नव्हता. तो म्हणाला, "आजोबांच्या हातात जे चाक होतं, ते राहणार नाही." हे त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खोटे नव्हते. त्यावर पुष्कळ विचार केल्यावर मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. जुन्या पोथ्यांत एखादे अक्षर चुकले की लेखक त्यावर पिवळा हरताळ फाशी. खालचे अक्षर कायमचे झाकले जाई. पण दुसरीही रीत होती. मूळ ओळ तशीच ठेवायची आणि पाठभेद समासात लिहायचा. पुढच्या वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. हवे ते त्याने घ्यावे. मी दादाला म्हटले, आपण हरताळ फासायचा नाही, समासात लिहायचे. एकही भोक पाडायचे नाही, एकही मूळ तुकडा कापायचा नाही. जो खांब निघेल तो जपून ठेवायचा. उद्या तुझ्या मुलाला वाटले तर एका दिवसात गाडी होती तशी झाली पाहिजे. दादाने यावर एकच प्रश्न विचारला, "आणि डायनमो?" तोही ठेवू, मी म्हटले. तेव्हा तो राजी झाला.

आत्याची अट मात्र याहून कठीण होती. ती म्हणाली, "हे तुमचं यंत्र घाटात बंद पडलं, तर मला गाडी घरी आणता आली पाहिजे. तेवढं होणार असेल तर बसवा. नाहीतर मला रिक्षा आहे."

तिच्या या बोलण्यात मला सगळ्या प्रश्नाचे मर्म सापडले. भरवशाचे यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारे यंत्र, असे आपण समजतो. तसे यंत्र अजून झालेले नाही. विचारायचे ते हे की बिघडल्यावर ते आपल्याला कुठे सोडते? पट्टा तुटलेला पंप चाक होते त्यापेक्षा जड करून ठेवतो. दांड्यावरची मोटर बंद पडली तर, रॅक आणि दाते मूळचेच असल्यामुळे, आपले जुने चाक आपल्या हातात परत येते. मोटर ओढत नेण्यापुरते किंचित जड, एवढेच. माणसांच्या मदतीचेही असेच असते. काही लोक आपल्याला असा हात देतात की तो काढून घेतला की आपण आधीपेक्षाही खाली बसतो. काहींचा हात सुटला तरी आपले पाय शाबूत असतात.

काम तीन आठवडे चालले. नवा तयार संच मागवला होता, तरी गिअरच्या दांड्यासाठी मिस्त्रींना स्वतः एक ब्रॅकेट घडवावा लागला. मदत किती हवी ते ठरवायला डॅशबोर्डाखाली एक बारीक बटण आहे. मिस्त्रींनी कौतुकाने ते पुरते फिरवून दिले. आत्या मैदानाला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "हे काय? रस्ता मुका झाला." तिने ते बटण मागे मागे आणीत निम्म्याच्याही खाली नेले. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख पटली.

त्यानंतर तिने मिस्त्रींना फ्यूज काढायला सांगितला. दादा म्हणाला, "आत्या, आज नको. खांदा दुखेल." ती म्हणाली, "मग कधी? घाटात?" मिस्त्रींनी फ्यूज काढून तिच्या हातात दिला. तिने तो चिमटीत धरून पाहिला, पदराच्या टोकाला बांधला आणि गाडी सुरू केली. उभ्या गाडीत चाक तिच्याने हलेना. आम्ही तिघे श्वास रोखून उभे. तिने गाडी वीतभर सरकू दिली, मग चाक फिरवले. गाडी हळूहळू वळली. मैदानाच्या टोकाशी जाऊन, एकदा थांबून, पुन्हा सरकून, ती परत आमच्यासमोर आली. खाली उतरताना तिने डावा हात खांद्यावर ठेवला होता. "दुखलं," ती म्हणाली. "पण येईन मी घरी."

आता ती आठवड्यातून दोनदा मंडईत जाते. गेल्या भाद्रपदात आम्हा सगळ्यांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढली. दादा तिच्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वळणावर पायांनी जमीन दाबीत होता. जुना खांब ग्रीस लावून, आजोबांच्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, शेजारी डायनमो. दोन्हींवर दादाच्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या आहेत. वर पठारावर गाडी थांबली तेव्हा एक तरुण जवळ आला आणि त्याने विचारले, "काका, सगळं ओरिजिनल आहे का?" दादा क्षणभर घुटमळला, आत्याकडे पाहिले, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "सगळं. स्टिअरिंगचं तेवढं माळ्यावर आहे."